आईला शनिवारी घरी आणतोय: मावशी ठेवावी की नर्स?

कृष्णाकाठ
नमस्कार. चार वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची. १९ दिवसांपूर्वी पहाटे अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आम्ही बोलतो ते तिला सगळं कळतं, पण उत्तर देता येत नाही आणि मग डोळे भरून येतात. नाकात नळी आहे, लघवीची नळी आहे. शनिवारी घरी न्या म्हणालेत. घरी काय काय करायचं ते काल पाच मिनिटांत सांगून झालं: दर दोन तासांनी कूस बदला, नळीतून भरवा, फिजिओ लावा. कूस बदला म्हणजे नक्की कशी? आई ६८ किलोची आहे.

घर सांगलीत. बाबा ७६ वर्षांचे. मी बँकेत आहे, दहा मिनिटांवर राहते. भाऊ हैदराबादला. रुग्णांसाठी माणसं पुरवणारे ब्यूरोवाले २४ तासांची मावशी, म्हणजे काळजी घेणारी बाई, देतो म्हणतात. ओळखीत एक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली सिस्टर आहे. ती दिवसभर थांबू शकणार नाही, पण येऊन जाईन म्हणते. दोन्ही खर्च फार दिवस झेपणार नाहीत. बाबांचं तिसरंच आहे: "इतकी वर्षं तिनं माझं केलं, आता मी करीन. बाहेरचं कुणी नको."

तुम्ही काय केलं असतंत? आणि शनिवारच्या आत घरात काय तयार ठेवू?

जांभूळपान
आधी आईंना बरं वाटो. माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणावर होत्या, त्यावरून सांगते.

पलंग विकत घेऊ नका, भाड्याने मिळतो. डोक्याकडची बाजू उचलता येणारा फाउलर बेड आणि हवेची गादी, एवढं शुक्रवारीच आणून लावून ठेवा. पलंग भिंतीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी माणूस उभं राहिलं पाहिजे. अंडरपॅड, डायपर, हातमोजे, ५० मिलीची सिरिंज. जुनी सुती लुगडी असतील तर बाहेर काढा, सोन्याच्या मोलाची आहेत. गाऊन मागून उघडे शिवून घ्या, म्हणजे अंगावर घालताना हात ओढावा लागत नाही.

मावशी की नर्स हा प्रश्न मलाही पडला होता. मी मावशी ठेवली आणि तीन आठवड्यांत सासूबाईंच्या माकडहाडावर जखम झाली. मावशी प्रेमळ होत्या, पण लाल डाग म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ती जखम भरायला पाच महिने लागले.

रोखठोक
माझं मत वेगळं आहे. मुळात नाकात नळी असलेल्या माणसाला घरी पाठवतातच कसे? रुग्णालयात तीन पाळ्यांत शिकलेली माणसं जे करतात, ते ७६ वर्षांच्या नवऱ्याने आणि नोकरी करणाऱ्या मुलीने घरी करायचं! शुश्रूषा हे शास्त्र आहे, त्याला शिक्षण लागतं. घरच्यांनी नर्स होऊ नये, घरच्यांनी घरचं माणूस राहावं. पैसे असोत नसोत, दोन महिने चांगल्या शुश्रूषा केंद्रात ठेवा.

सिस्टर_३१
मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते, शेवटची ११ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात. घरोघर फिरले आहे. कृष्णाकाठ, माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल, म्हणून अगंतुगं करते.

रोखठोक यांचं निम्मं खरं आहे. शुश्रूषा हे शास्त्रच आहे. पण ते शिकवता येतं, आणि घरच्यांना शिकवणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. आईला झटका ओसरल्यावरही महिनोन् महिने हे लागणार. तेवढे दिवस रुग्णालयात काढले तर तिथले जंतू तिला गाठतील.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ती ओळखीची सिस्टर धर. पण तिला कामाला ठेवू नकोस, शिकवायला बोलाव. पहिला आठवडा रोज एक तास. प्रत्येक गोष्ट ती एकदा करून दाखवील, दुसऱ्यांदा तुम्ही करायची आणि तिने बघायचं. पुढे आठवड्यातून दोनदा येऊ दे. दिवसभर हाताखाली मावशी असावी, मात्र मावशीलाही त्याच सिस्टरने शिकवायचं. नोंदणीकृत नर्स आहे ना ते विचार. जीएनएम तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, एएनएम दोन वर्षांचा, आणि दोघींचीही महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. ब्यूरोतून 'सिस्टर' म्हणून येणारी प्रत्येक जण नर्स असते असं नाही. मावशीला कमी लेखत नाही मी. तिचं काम वेगळं आणि नर्सचं वेगळं.

आता कूस. लुगडं चौपदरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत आईच्या अंगाखाली आडवं घाल. दोन माणसांनी दोन बाजूंनी ते लुगडं धरायचं आणि सरकवायचं. माणूस ओढायचा नाही, लुगडं ओढायचं. कातडी चादरीवर घासली की तिथूनच सोलायला सुरुवात होते. पूर्ण कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी लावून जरासं कलतं ठेव. दोन गुडघ्यांमध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेव की टाचा अधांतरी राहतील. दर वेळी माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची हाडं, डोक्याची मागची बाजू उजेडात बघ. लालसर दिसलं तर बोटाने दाबून सोड. पांढरं पडून परत लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिलं तर आतून जखम सुरू झालीय असं समज. त्या जागेवर भार टाकायचा नाही आणि तिथे चोळायचंही नाही. आपल्याकडे तेल लावून रगडतात, त्याने आतली नाजूक पेशी आणखी फाटते. भोक असलेली रबरी रिंगही नको.

हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लाव.

सिस्टर_३१
नळीचं राहिलं. भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तशीच. नाकाशी नळीवर खूण करून ठेव. खूण हलली असेल, आई खोकत असेल किंवा धाप लागली असेल तर काही घालायचं नाही. दर वेळी आधी सिरिंजने हळूच ओढून बघायचं, पोटातलं पाणी यायला हवं. कसं ओळखायचं ते सिस्टर दाखवील. एका वेळी साधारण २०० मिली, वजनाने आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्या दाबून ढकलायचं नाही. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. नळी निघून आली तर घरी परत घालायची नाही, कुणी कितीही सांगो.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली, पण जमिनीला टेकता कामा नये. नळी बदलायची तारीख लिहून घे. तीन-चार तास पिशवीत काहीच आलं नाही आणि ओटीपोट ताठलं तर लगेच फोन करायचा.

आणि एक दोनशेपानी वही आण. वेळ, किती भरवलं, किती लघवी, कूस कोणती, कातडी कशी. जो करील त्याने सही करायची.

कृष्णाकाठ
सिस्टर, काय बोलू? वही आणली. बाबांनी पहिल्या पानावर श्री लिहून रकाने आखले आहेत.

मोरपंखी७
माझ्या आईसाठी आम्ही रोज सकाळी चमचाभर चहा तोंडातून द्यायचो. नळी असली तरी जिभेला चव लागली की माणूस सुखावतं. तुम्हीही द्या.

सिस्टर_३१
मोरपंखी, तुमचा हेतू कळतो, पण कृपया हे करू नये. झटक्यानंतर घास गिळण्याचं यंत्रच बिघडलेलं असतं. चहा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो, आणि बऱ्याचदा ठसकाही लागत नाही म्हणून कळत नाही. दोन दिवसांनी ताप, मग न्यूमोनिया. गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्ट असतात. त्यांनी हो म्हटलं की आधी दाटसर पदार्थ, पातळ पाणी सगळ्यात शेवटी. तोवर तोंड दिवसातून तीन-चारदा ओल्या कापसाने पुसा, मऊ ब्रश फिरवा. तोंड स्वच्छ असलं तर लाळ आत गेली तरी धोका कमी.

मोरपंखी७
हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आईला दोनदा न्यूमोनिया झाला होता.

जांभूळपान
मोरपंखी, मनाला लावून घेऊ नका. आपल्या सगळ्यांकडून अशा गोष्टी झाल्या आहेत.

हातखंडा
मी फिजिओथेरपिस्ट. एकच मुद्दा: आईंना उठवताना, बसवताना उजव्या हाताला किंवा काखेत धरून कधीही ओढू नका. लुळा पडलेला खांदा सांध्यातून खाली उतरतो, आणि ते दुखणं पाय सुधारला तरी मागे राहतं. हात कायम उशीवर ठेवा. बोलता येत नाही म्हणून त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलू नका. हो-नाहीसाठी एखादी खूण ठरवा. पापणी, डावा हात, काहीही.

वाटेवरती
मी कोझिकोडला सात वर्षं होतो. तिथलं पाहिलेलं सांगतो.

शेजारच्या आजोबांना कर्करोग होता. दर आठवड्याला पंचायतीची गाडी यायची. तिच्यात एक नर्स आणि वस्तीतलेच दोघं-तिघं स्वयंसेवक. नर्स ड्रेसिंग करायची, औषधांचा हिशेब बघायची. स्वयंसेवक आजींशी गप्पा मारायचे, धान्य आहे का विचारायचे. पैसे नाहीत. १९९३ मध्ये तिथल्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनासाठी एक लहानशी संस्था सुरू केली, त्यातून हे रुजलं. पुढे २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी धोरण आणलं आणि काम ग्रामपंचायतींपर्यंत पोचलं. पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणारी सेवा, म्हटलं की शेवटचे दिवस, असा आपला समज असतो. तिथे मी अर्धांगाचे, कंबरेतून मोडलेले, वर्षानुवर्षं अंथरुणावरचे रुग्णसुद्धा त्याच नर्सच्या यादीत पाहिले.

रोखठोक
हेच म्हणतोय मी! व्यवस्था हवी. आपल्याकडे सगळा भार सुनेवर किंवा मुलीवर टाकून त्याला संस्कार म्हणतात.

जांभूळपान
याला मात्र शंभर टक्के अनुमोदन. चार वर्षांत मला विचारायला खूप जण आले, "सासूबाई कशा आहेत?" म्हणून. "तू जेवलीस का?" हे एकाच बाईने विचारलं.

पुणेरी_ओसरी
आपल्याकडे अगदीच काही नाही असं नको म्हणायला. वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, कर्करोगाच्या रुग्णांसाठी, मोफत. माझ्या काकांना तिथे ठेवलं होतं. काकू सोबत राहिली आणि ड्रेसिंग, नळी, औषधं सगळं शिकूनच घरी आली. मुंबईत टाटा रुग्णालयाचं पथकही घरी जाऊन बघतं. प्रश्न आहे तो कर्करोग नसलेल्यांचा. अर्धांग, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, खुबा मोडलेले, यांनी कुठे जायचं?

लीड्सकर
इंग्लंडमध्ये आहे म्हणून विचारतात, "तुमच्याकडे तर सगळं फुकट ना?" डिस्ट्रिक्ट नर्स घरी येते, तिचे पैसे लागत नाहीत, हे खरं. जखम, नळी, इंजेक्शन ती बघते. पण अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे सामाजिक सेवेत येतं, आणि तिथे तुमची मिळकत बघून पैसे घेतात. म्हणजे तुमचा मावशीचा प्रश्न इथेही आहेच.

ही पद्धत कशी सुरू झाली ते मला फार आवडतं. १८५९ मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची बायको आजारी होती, घरी मेरी रॉबिन्सन नावाची नर्स होती. बायको गेली. त्याला वाटलं, आपल्याकडे पैसा होता म्हणून हे सुख मिळालं, गरिबाच्या घरात काय होत असेल? त्याने त्याच नर्सला वस्तीतल्या गरिबांच्या घरी जायला सांगितलं. महिन्याभरात तिथले हाल बघून ती रडत परत आली, तरी तिने काम सोडलं नाही. शिकलेल्या नर्सच पुरेशा नव्हत्या, म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने त्याने शाळा काढली. मेरी रॉबिन्सन नुसती सेवा करून परतत नसे, घरच्यांना शिकवतही असे. सिस्टर_३१ वर सांगतायत ते हेच.

झाडीपट्टी
लिव्हरपूलपर्यंत कशाला जाता जी, आमच्या गडचिरोलीत या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना आरोग्यदूत केलं. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळ तोलायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं की ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा खूप डॉक्टर म्हणत होते की खेड्यातली बाई हे करूच शकत नाही.

आता देशभर आशा ताई बाळाच्या घरी जाते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. मी स्वतः आशा आहे. माझा सवाल एवढाच आहे: बाळासाठी दिवस ठरलेले आहेत, मग झटका येऊन घरी आलेल्या म्हातारीसाठी असे दिवस का ठरलेले नाहीत? माझ्या गावात अशा पाच जणी आहेत. मी जाऊन बसते त्यांच्याजवळ. पण माझ्याजवळ त्यांच्यासाठी ना शिकवण आहे ना सामान.

सिस्टर_३१
झाडीपट्टी, या प्रश्नासाठी तुला नमस्कार. ३१ वर्षं माझ्या मनात हे होतं, इतक्या नेमक्या शब्दांत मांडता आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कातडी आणि नळी, सातव्या दिवशी गिळणं, चौदाव्या दिवशी काळजी घेणाऱ्याची पाठ आणि झोप. असं वेळापत्रक कागदावर मांडायला काय हरकत आहे?

सावलीतली
मी सहसा लिहीत नाही. माझी आई ब्यूरोतली मावशी आहे, १४ वर्षं. वर मावशींबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे, तिला कुणी शिकवलं नाही. पहिल्या कामावर ब्यूरोने पत्ता देऊन सरळ पाठवलं. पेशंटकडून जे घेतात त्यातला बराच भाग ब्यूरो ठेवतं.

२४ तासांची बाई म्हणजे २४ तास जागी बाई नव्हे, हे लोक विसरतात. रात्री दर दोन तासांनी उठायचं आणि दिवसा परत तेच, असं कुणाचंही शरीर महिनाभर चालत नाही. आईला एका घरात झोपायला सतरंजीसुद्धा दिली नव्हती. दुसऱ्या घरात पेशंटचं करून शिवाय धुणीभांडी. आणि एका घरातल्या आजोबांनी तिला रोज संध्याकाळी लिहायला शिकवलं. एका हाताने पाटी धरायचे. आज ती बँकेत सही करते ती त्यांच्यामुळे. ते गेले तेव्हा तिने घरी तेरा दिवस गोड खाल्लं नाही.

कृष्णाकाठ ताई, मावशी ठेवलीत तर १२ तासांचीच ठेवा, आठवड्याची सुट्टी द्या, आणि सिस्टर शिकवायला येतील तेव्हा तिलाही शेजारी उभी करा.

कृष्णाकाठ
सावलीतली, हे वाचून बाबांनाही दाखवलं. १२ तासांचीच ठेवतेय.

एकटादुकटा
बाबांविषयी लिहितो. माझे वडील लवकर गेले आणि आईचं सगळं मीच केलं. मुलाने आईला अंघोळ घालायची म्हणजे पहिल्या दिवशी दोघंही अवघडलो होतो. आई तोंड फिरवून रडली. मग मला एक गोष्ट सुचली: सगळं अंग चादरीने झाकायचं, जेवढं पुसायचंय तेवढंच उघडायचं, पुसून लगेच झाकायचं. आणि हात लावण्याआधी सांगायचं, "आई, आता डावा पाय पुसतोय." आठवड्याभरात ती मला ओरडायला लागली की पाणी गार आहे. तो माझ्यासाठी सणाचा दिवस होता.

तुमच्या बाबांना करू द्या. जड उचलणं नको, पण तोंड पुसणं, केस विंचरणं, वही, औषधांच्या वेळा हे त्यांचंच ठेवा.

ताकपोहे
अवांतर: नळीतून काय काय देता येतं? आमच्याकडे नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, ताक, आणि सणाला पातळ केलेली शेवयांची खीर. आजी नळीवर असतानाही तिने डाव्या हाताने खूण करून खिरीत वेलची घातलीय का विचारलं होतं. वास येत होता तिला!

सिस्टर_३१
ताकपोहे, वास येऊ द्यावा, त्याने मन जागं राहतं. पण सगळं मलमलीतून गाळून, ताजं करून. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून. प्रथिनं कमी पडू देऊ नका, जखमा त्याने भरतात. गोळ्या कुटून घालताना मात्र आधी विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या कुटल्या की सगळं औषध एकदम रक्तात उतरतं.

कृष्णाकाठ
आज घरी येऊन २३ दिवस झाले. सगळ्यांना सांगायचं होतं.

सिस्टर पहिला आठवडा रोज आली, आता मंगळवार-शुक्रवार येते. मावशी सकाळी आठ ते रात्री आठ. रात्री बाराला मी आणि बाबा मिळून कूस बदलतो. दोनला आणि चारला भाऊ असतो. दोन महिने घरून काम मागून घेतलंय त्याने. नवव्या दिवशी उजव्या टाचेवर लाल डाग दिसला. मावशीने बघितला, मी नाही. बोटाने दाबून बघितलं, लालच राहिला, आणि तिने वहीत लिहून मला फोन केला. त्याच दिवशी पोटऱ्यांखालची उशी नीट केली, सिस्टर येऊन बघून गेली. सहा दिवसांत डाग गेला.

रोखठोक, तुम्ही म्हणालात तसं मुलगी म्हणून आईजवळ बसायला वेळ मिळत नव्हता. आता रविवारी दुपारचे दोन तास मी कोणतंही काम करत नाही. नुसती तिचा डावा हात धरून बसते.

गिळण्याची तपासणी पुढच्या बुधवारी आहे.

रोखठोक
बुधवारी काय झालं ते इथे नक्की लिहा. वाट बघतो.

मोरपंखी७
मीही.

कृष्णाकाठ
नक्की. एक राहिलंच: हवेच्या गादीचा पंप रात्री फार घुमतो, आई दचकून जागी होते. काही उपाय?

जांभूळपान
जमिनीवर किंवा लाकडावर ठेवला असेल तर उचला. मागे आकडे असतात, त्यांनी पलंगाच्या पायथ्याच्या दांड्यावर टांगा आणि दांडा व पंप यांच्यात टॉवेलची घडी घाला. नळ्या मुडपल्या नाहीत ना बघा, हवा अडली की आवाज वाढतो.

कृष्णाकाठ
घडी घातली. झोपलीय.